गल्ला, सही आणि मालकी: छोट्या व्यावसायिकाने हयातीत करून ठेवायची कायदेशीर तजवीज

धंद्याचा मालक अचानक गेला की पहिल्या आठ दिवसांत घरच्यांसमोर तीन प्रश्न येतात. पुरवठादाराच्या चेकवर सही कोण करणार? उद्यापासून गल्ल्यावर कोण बसणार? आणि हे सगळे आता कोणाचे? बहुतेक मालक तिन्ही प्रश्नांचे एकच उत्तर देतात: "मुलगा आहे ना." कायदा मात्र या तिन्ही गोष्टी वेगळ्या मानतो. बँक एकाला ओळखते, जीएसटी कार्यालय दुसऱ्याला, आणि वारसा कायदा चौघांना सारखाच वाटा देतो. म्हणून सही, कारभार आणि मालकी यांची सोय तीन वेगवेगळ्या कागदांनी करावी लागते. पुढची माहिती भारतातील, त्यातही महाराष्ट्रातील, लहान धंद्यांसाठी आहे.

सुरुवात धंदा कोणत्या रूपात आहे ते पाहण्यापासून

बोर्डावर 'ट्रेडर्स' असो की 'एंटरप्रायझेस', पॅन कार्ड मालकाच्या स्वतःच्या नावाचे असेल तर तो प्रोप्रायटरी धंदा. कायद्याच्या नजरेत मालक आणि धंदा एकच. त्यामुळे मालक गेला की जीएसटी नोंदणी, करंट अकाउंट, परवाने, कॅश क्रेडिट (माल घेण्यासाठी बँकेने दिलेली कर्जमर्यादा) ही सगळी साखळी एकाच दिवशी थांबते. वीज बिल, टेलिफोन, भाडेकरार हेसुद्धा त्याच नावावर असतात.

कर्जाबाबत लोकांच्या मनात विनाकारण भीती असते. मृताचे कर्ज वारसाला मिळालेल्या मिळकतीपुरतेच वसूल होते, वारसाच्या स्वकष्टाच्या पैशाला धनको हात लावू शकत नाही. पण पत्नीने किंवा मुलाने जामीनदार वा सहकर्जदार म्हणून सही केली असेल तर हे संरक्षण संपते. ती सही त्यांची स्वतःची जबाबदारी आहे. घरात कोणी कुठे सही केली आहे, याची यादी आजच काढा. बऱ्याच घरांत ज्याने सही केली त्यालाच ती आठवत नसते.

मृत्युपत्र नसेल तर काय होते

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे आई, पत्नी, मुलगे आणि मुली यांना समान वाटा मिळतो. समजा मागे आई, पत्नी, एक मुलगा आणि एक मुलगी आहे. प्रत्येकाला पाव हिस्सा. बारा वर्षे दुकान सांभाळणाऱ्या मुलालाही पावच आणि लग्न होऊन परगावी असलेल्या मुलीलाही पावच. वडील हयात असले तरी त्यांना काही मिळत नाही, ते पहिल्या वर्गाचे वारस नाहीत. आई गेली की तिचा पाव हिस्सा तिच्या वारसांकडे जातो, म्हणजे मृताचे भाऊ-बहीणही दुकानात हिस्सेदार होतात. हे फार कमी जणांच्या लक्षात येते.

वारसांत कोणी अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील, असेल तर त्याचा स्थावरातला हिस्सा विकायला किंवा गहाण टाकायला न्यायालयाची परवानगी लागते. बँकेला गाळा तारण हवा असेल आणि वारसांत नऊ वर्षांची मुलगी असेल, तर कर्ज तिथेच अडकते.

याच कायद्याचे कलम २२ मात्र उपयोगाचे आहे. पहिल्या वर्गाच्या वारसांपैकी कोणी स्थावरातला किंवा धंद्यातला आपला हिस्सा विकायला काढला, तर तो आधी विकत घेण्याचा हक्क इतर वारसांना असतो. त्यामुळे बहिणीचा हिस्सा थेट बाहेरच्या माणसाकडे जाण्याआधी भावाला संधी मिळते. किंमत जुळली नाही तर न्यायालय ती ठरवते.

व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांनी तर मृत्युपत्र टाळूच नये. हिंदू स्त्रीच्या स्वकष्टार्जित मिळकतीवर पहिला हक्क मुले आणि पती यांचा असतो. हे कोणीच नसतील तर मिळकत पतीच्या वारसांकडे जाते आणि तिच्या स्वतःच्या आईवडिलांचा क्रम त्यानंतर येतो. माहेरच्या मदतीने उभारलेले ब्युटी पार्लर किंवा शिवणकामाचे युनिट सासरच्या दूरच्या नातलगाकडे जाऊ शकते. एका साध्या मृत्युपत्राने हे थांबते.

मुस्लिम मालकाला कर्ज आणि अंत्यविधीचा खर्च वजा जाता उरलेल्या मिळकतीच्या एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येते, त्यापुढे वारसांची संमती लागते. ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तीने लग्न केले की आधीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते, नव्याने करावे लागते.

मृत्युपत्र: धंद्यासाठी ते कसे लिहायचे

रूपाच्या अटी मोजक्याच आहेत. स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद आणि मराठी भाषा पुरेशी आहे. मुद्रांक शुल्क नाही. वारसा कर भारतात १९८५ पासून नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. प्रत्येक साक्षीदाराने करणाऱ्याला सही करताना पाहिलेले असावे किंवा ही सही माझीच, असे करणाऱ्याने त्याला सांगितलेले असावे. साक्षीदाराने करणाऱ्यासमोर सही करायची असते. आतला मजकूर त्याने वाचण्याची गरज नाही.

साक्षीदार निवडताना तीन गोष्टी बघा. तो तुमच्यापेक्षा वयाने लहान असावा, कारण मृत्युपत्र सिद्ध करताना किमान एका साक्षीदाराला न्यायालयात उभे करावे लागते. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे तो किंवा त्याचा जोडीदार साक्षीदार नको. आणि त्याचा पूर्ण पत्ता लिहा, 'शेजारी' एवढ्यावर सोडू नका. वय साठच्या पुढे असेल किंवा मोठे आजारपण झाले असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांचे, समज आणि मनःस्थिती ठीक असल्याचे प्रमाणपत्र घ्या. महिनाभर आधीच्या प्रमाणपत्राला समोरचा वकील पहिल्याच उलटतपासणीत निकामी करतो.

नोंदणी सक्तीची नाही, पण करावी. दुय्यम निबंधक कार्यालयात फी नाममात्र आहे. करणारा हयात असेपर्यंत नोंदलेल्या मृत्युपत्राची नक्कल दुसऱ्या कोणाला मिळत नाही, त्यामुळे घरात बभ्रा होईल ही भीती नको. त्याहून गुप्तता हवी असेल तर मोहोरबंद लिफाफा जिल्हा निबंधकाकडे ठेवता येतो. नोंदणी झाली म्हणून मृत्युपत्र निर्विवाद ठरत नाही, मात्र 'ही सहीच वडिलांची नाही' हा आरोप टिकवणे विरोधकाला जड जाते.

खरी चूक रूपात नसते, मजकुरात असते. सर्वांत घातक वाक्य असे: 'माझे दुकान माझ्या थोरल्या मुलास देतो.' दुकान म्हणजे काय? गाळ्याच्या चार भिंती? आतला माल? चालता धंदा? येणे बाकी? डिपॉझिट? एक मुलगा म्हणतो सगळे माझे, दुसरा म्हणतो तुला फक्त गाळा, माल आणि उधारी सगळ्यांची. न्यायालयात यावर वर्षे जातात आणि तोवर गिऱ्हाईक समोरच्या दुकानाकडे वळलेले असते. म्हणून धंद्याचा परिच्छेद सुटा लिहा, असा:

'माझा अमुक नावाने अमुक पत्त्यावर चालणारा प्रोप्रायटरी धंदा, त्यातील माल, यंत्रे, फर्निचर, वाहन, येणे बाकी, बँकेतील करंट खात्याची शिल्लक, पुरवठादारांकडील व वीज कंपनीकडील डिपॉझिट, धंद्याचे नाव, ट्रेडमार्क, नावलौकिक, धंद्याचा मोबाईल क्रमांक व ऑनलाइन खाती यांसह, आणि त्या धंद्याच्या सर्व देण्यांसह, मी अमुक यांस देतो. सदर धंदा ज्या गाळ्यात चालतो त्या गाळ्याची मालकी या परिच्छेदात समाविष्ट आहे.' शेवटच्या वाक्यात 'आहे' की 'नाही' ते एकदाच, नीट विचार करून ठरवा. 'सर्व देण्यांसह' हे शब्द गाळले तर धंदा एकाला आणि त्याचे कर्ज सगळ्यांच्या वाट्यातून, असा अन्याय होतो.

धंदा एकाला दिला की बाकीच्यांचे काय, हा पुढचा प्रश्न, आणि भांडणाचे मूळ इथेच असते. धंद्याचे तुकडे पाडून सर्वांना समान हिस्सा देणे न्याय्य दिसते, पण चालवणारा एक आणि हिस्सेदार चार असले की दर महिन्याला नफ्याचा हिशेब विचारला जातो. आमचा स्पष्ट सल्ला: धंदा चालवणाऱ्यालाच द्या आणि बाकीच्यांना दुसऱ्या मिळकतीतून भरपाई द्या. गाळा आणि धंदा मिळून ६० लाखांचा, राहते घर ५० लाखांचे आणि दोन अपत्ये असतील, तर धंदा एकाला, घर दुसऱ्याला आणि फरकापोटी १० लाखांची मुदत ठेव किंवा विम्याची रक्कम घर घेणाऱ्याला. दुसरी मिळकतच नसेल तर धंदा घेणाऱ्याने भावंडाला ठरावीक रक्कम ठरावीक मुदतीत द्यावी अशी अट घाला: उदाहरणार्थ १५ लाख, ६० समान मासिक हप्त्यांत, म्हणजे दरमहा २५ हजार. 'ऐपतीप्रमाणे द्यावे' असे कधीही लिहू नका. पत्नीच्या राहत्या घराचा हक्क आधी सुरक्षित करा, मग मुलांचे वाटे.

मृत्युपत्र अमलात आणणारा व्यवस्थापक, म्हणजे एक्झिक्युटर, नेमा. त्याला धंद्याची भाषा कळायला हवी. मृत्युपत्राची अंमलबजावणी पूर्ण होईपर्यंत धंदा चालू ठेवण्याचा, माल खरेदीचा, पगार देण्याचा आणि येणे वसूल करण्याचा अधिकार त्याला मृत्युपत्रातच स्पष्ट द्या. आणि शेवटी 'वर न नमूद केलेली माझी अन्य सर्व मिळकत' कोणाला, हे एक वाक्य घाला. मृत्युपत्रानंतर घेतलेली दुसरी गाडी किंवा नवा गाळा या वाक्यामुळे उघड्यावर पडत नाही.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

नॉमिनी हा पैसे हातात घेणारा विश्वस्त. बँकेने त्याला पैसे दिले की बँक मोकळी होते, पण वारस त्याच्याकडून हिस्सा मागू शकतात. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ च्या निकालात हेच ठरवले. सहकारी गृहनिर्माण संस्थेतील नॉमिनी हा तात्पुरता सभासद असतो. अपवाद आयुर्विम्याचा: तिथे आई-वडील, जोडीदार किंवा मुले नॉमिनी असतील तर २०१५ च्या दुरुस्तीनंतर रक्कम त्यांची स्वतःची ठरते.

म्हणून दोन कामे करा. प्रोप्रायटरी करंट खात्यालाही नॉमिनेशन चालते, तो रकाना रिकामा असेल तर भरा. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्यांना चार नॉमिनी देता येतात, टक्केवारीने किंवा एकामागून एक. आणि नॉमिनीचे नाव मृत्युपत्राशी जुळवा. मृत्युपत्रात धंदा धाकट्या मुलीला आणि करंट खात्याचा नॉमिनी वीस वर्षांपूर्वी लिहिलेला भाऊ, असे सर्रास आढळते.

भागीदारी: करारपत्रातील एका कलमावर सगळे अवलंबून

भारतीय भागीदारी कायदा, १९३२ च्या कलम ४२ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. म्हणून करारपत्रात 'भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होणार नाही, उरलेले भागीदार ती पुढे चालवतील' हे कलम हवेच. पण दोनच भागीदार असतील तर हे कलमही वाचवत नाही. एकटा माणूस फर्म होऊ शकत नाही, त्यामुळे फर्म संपते. सर्वोच्च न्यायालयाचा १९६५ चा निकाल याच मुद्द्यावर आहे. उपाय दोन: आत्ताच तिसरा भागीदार, अगदी २ टक्क्यांचा का असेना, घ्या. मात्र त्याला नीट समजावून सांगा, कारण नफ्यात वाटा २ टक्के असला तरी फर्मच्या देण्यासाठी बाहेरच्यांपुढे त्याची जबाबदारी पूर्ण असते. नाहीतर, उरलेला भागीदार धंदा प्रोप्रायटर म्हणून कोणत्या किमतीला ताब्यात घेईल ते करारातच लिहा.

मृताचा वारस आपोआप भागीदार होत नाही. मृत्युपत्रात 'माझी भागीदारी मुलीला' लिहिले तरी तिला मिळते ती हिश्श्याची किंमत. तिला भागीदार करून घ्यायचे असेल तर करारपत्रात तसे लिहिलेले हवे आणि तिची संमती हवी. अज्ञान मूल भागीदार होत नाही, सर्वांच्या संमतीने फक्त लाभात घेता येते, आणि सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांत राहायचे की नाही हे त्याने जाहीर करायचे असते. गप्प बसले तर ते भागीदार धरले जाते.

हिश्श्याची किंमत कशी काढायची, हे बहुतेक करारांत 'ताळेबंदाप्रमाणे' एवढ्यावर सोडलेले असते. ताळेबंदात नावलौकिकाची किंमत शून्य असते आणि गाळा पंचवीस वर्षांपूर्वीच्या खरेदी किमतीला पडून असतो, म्हणजे विधवेच्या हाती फार कमी येते. सूत्र आकड्यांत लिहा. उदाहरण पाहा: मागील तीन वर्षांचा नफा ६, ७ आणि ८ लाख, सरासरी ७ लाख. नावलौकिक सरासरीच्या दुप्पट, म्हणजे १४ लाख. मृताचा हिस्सा ४० टक्के, म्हणून त्याचे ५ लाख ६० हजार. भांडवल खात्यावर ९ लाख जमा, मृत्यूच्या तारखेपर्यंतचा न उचललेला नफा १ लाख ४० हजार. एकूण १६ लाख. यातील ४ लाख तीन महिन्यांत आणि उरलेले १२ लाख दरमहा ५० हजारांच्या २४ हप्त्यांत, अमुक टक्के व्याजाने. गाळा फर्मच्या नावे असेल तर त्याचे मूल्यांकन बाजारभावाने, सरकारमान्य मूल्यांकनकाराकडून, हेही लिहा. काहीच लिहिले नसेल आणि हिशेब न करता धंदा पुढे चालू राहिला, तर कलम ३७ प्रमाणे वारस त्या हिश्श्यावरचा नफा किंवा वार्षिक ६ टक्के व्याज यांपैकी एक मागू शकतात.

आणखी एक चूक: करारपत्र नोटरी केले म्हणजे फर्म नोंदली गेली असे समजणे. फर्मची नोंदणी रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे होते. ती नसेल तर फर्मला गिऱ्हाइकावर करारातील पैशासाठी दावाच लावता येत नाही. भागीदार बदलला की तीही नोंद तिथे करा.

एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) आणि प्रायव्हेट लिमिटेडमध्ये संस्था टिकते, प्रश्न फक्त शेअर्सचा आणि संचालकपदाचा उरतो. पती-पत्नी दोघेच संचालक असतील तर तिसरा संचालक घ्या, दोघे एकाच गाडीने प्रवास करतात. वन पर्सन कंपनीत नॉमिनीची लेखी संमती स्थापनेच्या वेळीच आयएनसी-३ या फॉर्मवर दिलेली असते. ती व्यक्ती आज हयात आणि राजी आहे का, तेवढे तपासा.

गाळा कोणत्या हक्काने आहे

पागडीचा, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन कायम भाड्याने घेतलेला, गाळा असेल तर तो मृत्युपत्राने देता येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे धंद्याच्या जागेचा भाडेकरू गेल्यावर भाडेहक्क त्याच्यासोबत मृत्यूच्या वेळी तिथे धंदा करणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. तसे कोणी नसेल तर वारसांपैकी एकाकडे, आणि त्यांचे एकमत नसेल तर न्यायालय ठरवेल त्याच्याकडे. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये, आधीच्या भाडे कायद्याखाली, भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही हे स्पष्ट केले आहे. इथे मृत्युपत्रापेक्षा पुरावा महत्त्वाचा. ज्याने पुढे दुकान चालवावे असे वाटते त्याचे नाव आजपासून कागदावर दिसू द्या: पगार किंवा मानधनाची बँकेतून दरमहा नोंद, आयकर विवरणात तो उत्पन्नाचा स्रोत, पुरवठादाराच्या चलनांवर त्याच्या सह्या. शक्य असेल तर मालकाशी बोलून भाडेपावतीवर त्याचे नाव चढवून घ्या.

लिव्ह अँड लायसन्सची जागा वारसाला मिळत नाही, नवा करार करावा लागतो. भाडेपट्ट्याची औद्योगिक जागा असेल तर हस्तांतराच्या अटी पट्ट्यातच वाचा.

मालकीचा गाळा हयातीतच मुलाच्या नावे करायचा विचार असेल तर एक गैरसमज दूर करा. महाराष्ट्रात पत्नी, मुले, नातवंडे यांना बक्षीसपत्र केल्यास २०० रुपये मुद्रांक शुल्क ही सवलत राहत्या घराला आणि शेतजमिनीला आहे. व्यापारी गाळ्याला बाजारमूल्याच्या ३ टक्के आणि वर स्थानिक अधिभार पडतो. शिवाय बक्षीसपत्र परत घेता येत नाही. उतारवयात हातात काही उरावे म्हणून गाळ्यासाठी मृत्युपत्रच बरे.

मालक हयात आहे, पण सही करू शकत नाही

पक्षाघात, अपघात, कोमा. यासाठी लोक मुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने सही करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, करून ठेवतात आणि निर्धास्त होतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र मालकाच्या मृत्यूने संपते आणि तो समज गमावून बसला तरी संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी ते केले त्याच दिवशी ते उपयोगाचे राहत नाही. कोमातील व्यक्तीसाठी पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जावे लागते, आणि तोवर पगार कोठून द्यायचे?

परदेशवारी, शस्त्रक्रिया, कार्यालयातील हजेरी यांसाठी मुखत्यारपत्र उपयोगी आहेच, ते जरूर करा. पण कोमाची खरी सोय रचनेत आहे: प्रोप्रायटरीऐवजी पत्नी किंवा मुलासह भागीदारी किंवा एलएलपी, आणि खात्यावर 'दोघांपैकी कोणीही एक' अशी सही. रचना बदलायची नसेल तर निदान दोन ते तीन महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम पत्नीबरोबरच्या संयुक्त खात्यात ठेवा. महिन्याचा पगार ९० हजार, भाडे ३० हजार, वीज आणि हप्ते ४० हजार असतील तर किमान ३ लाख २० हजार.

कर्ज, जामीन आणि विमा

बँकेच्या जामीनपत्रात मृत्यूनंतरही जबाबदारी चालू राहील असे कलम असते, त्यामुळे जामीनदार गेला तरी त्याची मिळकत अडकलेली राहते. जितके कर्ज तितका टर्म विमा, हा साधा नियम पाळा. आणि तो विमा घेतानाच विवाहित स्त्रियांचा मालमत्ता कायदा, १८७४ च्या कलम ६ खाली घ्या. फॉर्मवर पत्नी किंवा मुलांची नावे लाभार्थी म्हणून लिहिली की त्या पॉलिसीचा विश्वस्त निधी होतो आणि धंद्याचे धनको त्या रकमेला हात लावू शकत नाहीत. पॉलिसी काढून झाल्यावर हे करता येत नाही, आणि एजंट आपणहून सांगेलच असे नाही. पण एक भान ठेवा: कर्ज फेडायला एक पॉलिसी आणि घरखर्चाला दुसरी, अशा दोन वेगळ्या घ्या.

मृत्यूनंतरचा क्रम: घरच्यांसाठी लिहून ठेवा

सर्वांत आधी मोबाईल. जीएसटी, बँक, आयकर यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. भावनेच्या भरात किंवा खर्च वाचवायला सिम बंद केले की पुढचे तीन महिने प्रत्येक कामाला खेटे पडतात. रिचार्ज चालू ठेवा. पण मृताच्या नेटबँकिंगने, यूपीआयने किंवा सही करून ठेवलेल्या चेकने पैसे काढू नका. मृत्यूबरोबर तो अधिकार संपलेला असतो आणि पुढे भावंडांत वाद झाला तर हाच व्यवहार फौजदारी तक्रारीचा आधार बनतो.

जीएसटीत क्रम चुकला की इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, बुडते. आधी धंदा पुढे चालवणाऱ्याने स्वतःच्या पॅनवर आरईजी-०१ या फॉर्मने नवी नोंदणी घ्यायची, कारण म्हणून 'मालकाचा मृत्यू' निवडायचे. मुदत ३० दिवसांची. मग क्षेत्रीय अधिकाऱ्याकडे अर्ज करून जुन्या नोंदणीवर वारसाला अधिकृत सहीदार करून घ्यायचे. त्यानंतर आयटीसी-०२ भरून शिल्लक क्रेडिट नव्या क्रमांकावर न्यायचे, त्याला सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र लागते. नव्या खात्यातून ते स्वीकारले गेले की मगच आरईजी-१६ ने जुनी नोंदणी रद्द. घाईने आधी रद्द करणे ही सर्वांत महागडी चूक. धंदा पुढे चालवणाऱ्यावर जुनी थकबाकीही येते, तेव्हा ताब्यात घेण्याआधी कर सल्लागाराकडून प्रलंबित नोटिसा तपासून घ्या.

खाद्यपदार्थांचा परवाना मृत्यूनंतर ९० दिवस वारसाच्या नावे चालतो, त्या आत अर्ज करायचा. वाहन तीन महिन्यांत आरटीओकडे वारसाच्या नावे. आयकर पोर्टलवर 'कायदेशीर वारस' म्हणून नोंदणी करून १ एप्रिल ते मृत्यूच्या तारखेपर्यंतचे विवरण भरायचे. ट्रेडमार्कसाठी टीएम-पी फॉर्म. बँकेत नॉमिनेशन असेल आणि कागद पूर्ण असतील तर दावा १५ दिवसांत निकाली निघायला हवा.

उधारीचे प्रकरण वेगळे आहे. गिऱ्हाइकाने आपणहून दिले तर ठीक, पण मृताच्या येण्यासाठी न्यायालयातून हुकूम हवा असेल तर वारसांना वारसा प्रमाणपत्र, म्हणजे सक्सेशन सर्टिफिकेट, किंवा मृत्युपत्राचे प्रोबेट (ते खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला) सादर करावे लागते. हे प्रमाणपत्र फक्त येणे आणि रोख्यांसाठी असते, गाळ्यासाठी नव्हे. त्यात महिने जातात आणि उधारीची मुदत तीन वर्षांतच संपते. म्हणून दर मार्चअखेर मोठ्या उधारदारांकडून 'अमुक रक्कम देणे बाकी आहे' असे सहीचे पत्र घ्या. मुदत संपण्याआधी घेतलेल्या अशा पत्राने तीन वर्षे नव्याने मोजली जातात, आणि वारसाच्या हाती वहीतल्या पेन्सिलच्या आकड्यापेक्षा भक्कम काहीतरी राहते.

हे सगळे एका फाईलमध्ये ठेवा. पहिल्या पानावर लेखापाल, वकील, बँकेचा अधिकारी आणि तीन मुख्य पुरवठादार यांचे नंबर. दुसऱ्या पानावर कर्जे, हप्त्यांच्या तारखा आणि कोणी कुठे जामीन दिला ते. पासवर्ड फाईलमध्ये नकोत, ते बंद पाकिटात. लग्न, जन्म, मृत्यू, घटस्फोट, नवे कर्ज किंवा नवा गाळा यांपैकी काही झाले की मृत्युपत्र पुन्हा काढून वाचा. खाडाखोड करू नका. छोटा बदल असेल तर पुरवणी मृत्युपत्र, तेही दोन साक्षीदारांसमोर. मूळ प्रत फक्त तुमच्या नावावर असलेल्या लॉकरमध्ये ठेवू नका, कारण तो लॉकर उघडायलाच वारसांना कागद लागतील. ती एक्झिक्युटरकडे द्या आणि घरात निदान एकाला सांगून ठेवा की ती त्याच्याकडे आहे.